घरचा सामना, परक्या मैदानावर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानासाठी सचिवांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, पत्रिकेत विषय काय छापू?" मी म्हटलं, "घरचा सामना." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "सर, वहिनींना विचारलंय का?" तेव्हा आधीच सांगून टाकतो, आजचा विषय कौटुंबिक नाही. विषय खेळाचा आहे. पण बोलत बोलत तो आपल्या घरापर्यंत येणार आहे, एवढं मात्र खरं.

मी चौतीस वर्षं महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवलं. शिट्टी, स्टॉपवॉच आणि फक्कीची पोती यांच्या संगतीत आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर खेळ टीव्हीवर पाहायचे आणि नातवंडांकडून ऐकायचे, एवढंच उरलं. गेल्या दिवाळीत पुतण्याच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला. तो तिकडे शिकतो. शुभेच्छा वगैरे झाल्या, पण आवाज काही खुलेना. विचारलं तर म्हणाला, "आजोबा, आमची घरची मॅच आमच्या गावातून काढून नेली."

त्यांच्याकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. तो लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा खेळ. तिथे महाविद्यालयांच्या सामन्यांना जे वेड आहे ते आपल्याला सांगून पटणार नाही. लहानशा गावातल्या विद्यापीठाचं मैदान गावाच्या लोकसंख्येपेक्षा मोठं असतं. एका हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने मिळतात. त्या सहा-सात शनिवारांवर खानावळी, लॉजवाले, झेंडे-टोप्या विकणारे वर्षाची बेगमी करतात. जुने विद्यार्थी मुलाबाळांना घेऊन येतात आणि आपण कुठल्या खोलीत राहत होतो ते दाखवतात. त्यातला एक सामना विद्यापीठाने दूरच्या मोठ्या शहरातल्या स्टेडियमवर नेला. कागदावर तो घरचाच. प्रत्यक्षात मैदान तिसऱ्याचं. कारण पैसा. मुलगा म्हणाला, "आजोबा, वसतिगृहातून चालत जायचो आम्ही. आता विमानाचं तिकीट काढायचं का?"

त्याची समजूत काढली आणि फोन ठेवला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण असंच काहीतरी माझ्या हातून एकदा होऊन गेलं होतं. ते पुढे सांगतो.

आधी शब्दाकडे पाहू. तिसऱ्याच्या मैदानाला आपण 'तटस्थ' मैदान म्हणतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. प्रवाहात न उतरलेला, काठावरचा. हा शब्द तुम्हा-आम्हाला जितका लागू पडतो तितका क्वचितच कुणाला पडत असेल. आपण काठावरचीच माणसं. कुणी मांजरेच्या काठची, कुणी भीमेच्या. घरात मराठी, बाजारात कन्नड, जुन्या दस्तऐवजात उर्दू. सोयरीक उदगीर-सोलापूरकडची आणि रेशनकार्ड कर्नाटकाचं. आपल्याला कुणी विचारतं, "तुम्ही नक्की कुणाकडचे?" आणि आपण म्हणतो, "चहा घेणार ना?"

म्हणून तटस्थ मैदान वाईटच असतं, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचंच पाहा. टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांचा वार्षिक सामना पिढ्यान् पिढ्या डॅलस शहरात होतो. अर्धं स्टेडियम एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि बाहेर राज्याची मोठी जत्रा भरलेली. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांचा सामना १९३३ पासून, मधली एक-दोन वर्षं वगळता, जॅक्सनव्हिलला होत आला. त्या दोन्ही ठिकाणी तिसऱ्याचं गाव हेच त्या सामन्याचं घर झालं. का झालं? कारण दोघांनी मिळून ठरवलं, दोघांना अर्धं-अर्धं मिळालं, आणि दर वर्षी परत तिथेच यायचं हे नक्की होतं.

आपल्याकडेही असा एक सामना झाला आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. २०१४ सालच्या रणजी करंडकाची अंतिम लढत. समोरासमोर कोण? कर्नाटक आणि महाराष्ट्र! आता सांगा, बिदरच्या मराठी माणसाने कुणाच्या बाजूने ओरडायचं? आणि सामना कुठे? ना बंगळूर, ना पुणे. हैदराबाद, उप्पलचं मैदान. २९ जानेवारीला सुरू झाला. आम्ही सहाजण गाडी करून गेलो. त्यातले तिघे महाराष्ट्राचे, दोघे कर्नाटकाचे आणि एक फक्त बिर्याणीसाठी आलेला. बंगळूर आपल्यापासून जवळजवळ सातशे किलोमीटर. हैदराबादला सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येतं.

त्या मैदानात बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. क्रिकेट मंडळाच्या दृष्टीने हैदराबाद तटस्थ होतं. आपल्या दृष्टीने ते जुनं घर होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि आपले बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात आले. त्याआधी आपल्या वडिलांची कचेरी, कोर्ट, कॉलेज सगळं हैदराबादलाच. म्हणजे दोन भाऊ वाटण्या होऊन वेगळे झाले आणि साठ वर्षांनी जुन्या वाड्याच्या अंगणात विटी-दांडू खेळले, असा तो प्रकार. कर्नाटकाने पहिल्या डावात ५१५ धावा केल्या. के. एल. राहुलने शतक ठोकलं. कर्नाटक सात गडी राखून जिंकलं. परतताना गाडीत तिघे गप्प आणि दोघे बोलत होते. बिर्याणीवाला झोपला होता. पण भांडण झालं नाही. मैदान कुणाचंच नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं झालं.

आता माझी गोष्ट. चाळीस वर्षं होत आली. नावं सांगत नाही, कारण त्यातली काही मंडळी अजून भेटतात.

आमच्या महाविद्यालयाचा फुटबॉल संघ होता. हा पायाने खेळायचा फुटबॉल. तो आपल्याकडे हैदराबादकडून आला. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. त्यांच्या शिकवणीत भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. त्या वाऱ्याची झुळूक आपल्या तालुक्यांपर्यंत पोचली होती. गावात आमच्या सामन्याला दोन-अडीच हजार माणूस जमायचं. भिंतीवर पोरं, झाडावर पोरं, आणि कडेला शेंगावाले.

त्या वर्षी घरचा सामना आमच्याकडे होता. आमचा शिपाई आठ दिवस मैदानाला पाणी मारत होता, खडे वेचत होता. शुक्रवारी त्याने दोरी लावून फक्कीच्या रेघा ओढल्या. कोपऱ्याचा कंस इतका सुबक, की चुलीपुढे रांगोळी काढावी तसा. आणि त्याच दिवशी चार वाजता पत्र आलं. सामना उद्याच, पण आमच्या मैदानावर नाही. साठ किलोमीटरवरच्या तिसऱ्याच गावात. पाहुण्या संघाने मागणी केली होती.

मला राग आला. प्राचार्यांकडे गेलो आणि तावातावाने बोललो. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मागच्या वर्षी दगड कुठून आले होते?"

दगड आमच्याच बाजूने आले होते. पाहुण्यांच्या गोलरक्षकाच्या कपाळाला तीन टाके पडले होते. मी त्या दिवशी शिट्टी वाजवत होतो, पण भिंतीवरच्या पोरांना खाली उतरवलं नव्हतं. ते आपलेच होते ना! तेव्हा मित्रहो, हे आधी कबूल करतो. घरचा सामना आमच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता. आम्हीच तो घालवला होता. ज्याला पाहुण्याला सुखरूप परत पाठवता येत नाही, त्याला यजमानपणाचा हक्क नाही.

शनिवारी सकाळी निघताना शिपाई फाटकापाशी उभा होता. म्हणाला, "सर, ह्या रेघांचं काय करू?" मी म्हटलं, "राहू दे. पुढच्या वर्षी कामाला येतील." फक्कीच्या रेघा पुढच्या वर्षापर्यंत राहतात का? पण दुसरं काही सुचलं नाही.

आम्ही लाल बसने गेलो, एक विरुद्ध शून्य असे जिंकलो. पाहणारी माणसं असतील तीसेक. रात्री परतलो तर गाव झोपलेलं. गोल करणारा पोरगा बसस्टँडवरून एकटा पिशवी खांद्याला लावून घरी गेला. तो आमच्या मैदानावर जिंकला असता तर खांद्यावरून गेला असता.

आणि खरं नुकसान पुढे झालं. त्या पत्रात 'या वर्षापुरते' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी पत्र आलं, 'गतवर्षीप्रमाणे'. तिसऱ्या वर्षी पत्राचीही गरज उरली नाही. चौथ्या वर्षी मैदानाच्या एका बाजूला सायकल स्टँड झाला. पाचव्या वर्षी संघात अकरा मुलं जमेनात. कुणी मुद्दाम संघ बंद केला नाही. तो घरातून एकदा बाहेर पडला आणि त्याला परतीची वाटच उरली नाही.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कुणाला सांगितली नव्हती. पण नंतर मोठ्या क्रिकेटमध्ये सामने हलवल्याचे तीन मोठे प्रसंग घडले आणि दर वेळी मी आमच्या त्या शुक्रवारशी ताडून पाहिलं. तिन्ही आपल्या दाराशीच घडले.

पहिला प्रसंग २०१६ चा. तो उन्हाळा इथे कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, खेपेला पंचवीस लाख लिटर. लातूर म्हणजे परमुलूख नव्हे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत आपल्या बिदर जिल्ह्यातच होते. जी मांजरा तिकडे आटली तीच खाली आपल्याकडे येते. आपल्यातल्या कितीतरी जणींची माहेरं तिकडे. त्या उन्हाळ्यात माहेरून फोन यायचे ते "येऊ नकोस, अंघोळीला पाणी नाही" असे सांगायला.

आणि त्याच वेळी मुंबई, पुणे, नागपुरात आयपीएलची मैदानं हिरवीगार ठेवायची तयारी चालली होती. जनहित याचिका झाली. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. १ मेचा पुण्यातला एक सामना तेवढा नंतर मुभा देऊन होऊ दिला. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांनी उरलेल्या सामन्यांसाठी विशाखापट्टणमला बिऱ्हाड केलं. अंतिम सामना वानखेडेवरून उठून बंगळूरला गेला. योगायोग बघा, अंतिम फेरीत बंगळूरचाच संघ पोचला. दुसऱ्याचं घर उठलं म्हणून यांना घरचं अंगण मिळालं, आणि तरी ते हैदराबादकडून आठ धावांनी हरले. अंगण मिळालं म्हणजे खेळ मिळतोच असं नाही.

तेव्हा वादही झाला. तिन्ही मैदानांना मिळून साठ लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा चर्चेत होता. म्हणजे लातूरच्या त्या मोठ्या गाडीच्या अडीच खेपाही नव्हेत. सामने हलवून लातूरच्या नळाला थेंबभर पाणी वाढलं नाही, आणि स्टेडियमबाहेर वडापाव विकणाऱ्यांचा हंगाम मात्र बुडाला. हे म्हणणारे खोटं बोलत नव्हते. पण मला अजूनही वाटतं, निर्णय योग्य होता. शेजारच्या घरात सुतक असेल तर आपण मांडवात वाजंत्री लावत नाही. वाजंत्री बंद केल्याने गेलेला माणूस परत येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी लावत नाही. शिवाय कारण सर्वांना दिसत होतं, आणि ते त्या उन्हाळ्यापुरतं होतं. पाऊस पडला, पुढच्या वर्षी सामने घरी आले आणि २०१७ चा अंतिम सामना हैदराबादला झाला.

दुसरा प्रसंग २०१८ चा. तोही पाण्याचाच, पण पाणी कावेरीचं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता. पाणीवाटपाची यंत्रणा नेमावी म्हणून तमिळनाडूत आंदोलन पेटलं. दोन वर्षांची बंदी संपवून चेन्नईचा संघ घरी परतला होता. १० एप्रिलला पहिला सामना चेपॉकवर झाला. बाहेर निदर्शनं आणि आत मैदानात खेळाडूंच्या दिशेने बूट. दुसऱ्याच दिवशी ठरलं, उरलेले सहाही घरचे सामने पुण्याला, गहुंजेच्या मैदानावर.

आता गंमत बघा. कर्नाटक आणि तमिळनाडूचं भांडण, आणि पाहुणा महाराष्ट्राच्या दारात! चेन्नईच्या मंडळींनी काय केलं? रडत बसले नाहीत. सुमारे हजार चाहते खास रेल्वेने, अंगात पिवळे सदरे घालून, शिट्ट्या वाजवत पुण्याला निघाले. चेन्नई-पुणे लोहमार्ग कुठून जातो ते आपल्याला सांगायला नको. रायचूर, वाडी, कलबुर्गी, सोलापूर. ज्या फलाटावर आपण उद्यान एक्सप्रेसची वाट पाहत चुरमुरे खातो, त्याच रुळांची ही वाट. २० एप्रिलला शेन वॉटसनने शतक काढलं आणि चेन्नई ६४ धावांनी जिंकली. पुण्यातल्या सहा सामन्यांपैकी पाच त्यांनी जिंकले आणि शेवटी करंडकही नेला. पुढच्या वर्षी चेपॉकला परतले.

त्यात एक बारीक गोष्ट मात्र लक्षात राहिली. पुण्यात सामने आल्यावर पाण्याचा प्रश्न तिथेही उभा राहिला आणि मैदानासाठी पवना नदीचं पाणी वापरायला उच्च न्यायालयाने मनाई केली. म्हणजे एका नदीच्या भांडणातून सुटायला दुसऱ्या नदीकाठी गेले, तर तिथेही हिशेब द्यावाच लागला. मैदान तटस्थ असतं, पाणी तटस्थ नसतं. ते कुणाच्या तरी तोंडचं असतंच.

तिसरा प्रसंग याहून वेगळा. २०१६-१७ च्या रणजी हंगामात क्रिकेट मंडळाने ठरवलं, कुणालाच घरचा सामना नाही. सगळे सामने तटस्थ मैदानांवर. कारण चांगलं होतं. यजमान संघ आपल्याला हवी तशी खेळपट्टी करून घेतात आणि अन्याय होतो, अशी तक्रार होती. न्यायासाठी केलेला प्रयोग.

त्या ऑक्टोबरात महाराष्ट्र आणि दिल्ली वानखेडेवर भिडले. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८. दोघांची अखंड भागीदारी ५९४ धावांची. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागीदारी कुणी केली नव्हती. अंकित आपल्या मराठवाड्याचा पोरगा. दिल्लीकडून ऋषभ पंतने उलट ३०८ काढल्या. असा सामना! आणि पाहायला मोजकीच माणसं. मुंबईकराला महाराष्ट्र आणि दिल्लीचं काय? हाच डाव गहुंजेला झाला असता, तर सुट्टीतली किती पोरं वडिलांच्या स्कूटरवर बसून आली असती! साठ वर्षांनी नातवाला सांगितलं असतं, "मी होतो तिथे."

याच्या उलट, २०१० सालची कर्नाटक-मुंबई अंतिम लढत आठवा. ती बंगळूरहून म्हैसूरला, विद्यापीठाच्या मैदानावर नेली होती. मैदान हललं होतंच की! पण हललं ते घरातल्या घरात, माजघरातून ओसरीवर. सारं म्हैसूर लोटलं. कर्नाटक अवघ्या सहा धावांनी हरलं, मनीष पांडेचं शतक वाया गेलं, पण ते ज्यांनी पाहिलं ते अजून बोलतात. पराभवसुद्धा घरी झाला तर तो आपला असतो. परक्या मैदानावरचा विजयही, माझ्या त्या पोरासारखा, बसस्टँडवरून एकटाच घरी जातो.

तटस्थ मैदानांचा तो प्रयोग एका हंगामात आवरला गेला. पुढच्या वर्षी साखळी सामने घरी परतले आणि बाद फेरीचे तेवढे बाहेर राहिले. न्याय हवा होता तर खेळपट्टी सुधारायची, घर कशाला काढून घ्यायचं, असं माझं साधं मत आहे.

या सगळ्यातून मी तीन प्रश्न शिकलो. घरची कुठलीही गोष्ट हलवायची झाली, की ते विचारावेत. पहिला, कारण खरं आहे का, सर्वांना दिसेल असं आहे का? लातूरची तहान दिसत होती. अमेरिकेतल्या माझ्या नातवाला पैसा दिसला, पण तो त्याच्या गावात आलेला दिसला नाही. दुसरा, ज्यांचं घर आहे त्यांना विचारलं का? आमच्या शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. तिसरा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा, परत कधी यायचं ते ठरलं आहे का? तारीख नसलेलं 'तात्पुरतं' हे कायमचंच असतं.

आपले वारकरी हे कुणाच्याही आधी जाणतात. २०२० साली महामारीत पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. २०२१ लाही तसंच. कुणी असं म्हणालं नाही, की बस सोयीची आहे, वेळ वाचतो, आता दर वर्षी असंच करू. २०२२ मध्ये पावलं पुन्हा वाटेला लागली. संकटात वाहन बदललं. वाट कुणी विसरलं नाही.

आता मी घरात येतो. सुरुवातीला म्हटलं होतं ना.

आपल्या मंडळाचा गणपती जुन्या गावात, देवळाच्या सभामंडपात बसत असे. छत गळायला लागलं म्हणून 'दुरुस्ती होईपर्यंत' आपण या कार्यालयात आलो. यंदाचं हे चौथं वर्ष. कार्यालय उत्तम आहे. गाड्या लावायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे, वयस्कांना जिने चढावे लागत नाहीत. नव्या वसाहतीतली तरुण कुटुंबं इथे येतात, जी जुन्या गल्लीत येत नव्हती. हे मी नाकारत नाही. माझे गुडघे तर मुळीच नाकारत नाहीत.

पण मी मागच्या आठवड्यात सहज जुन्या गल्लीतून चाललो होतो. तिथे आपल्या एक आजी आहेत, मंडळाच्या पहिल्या उत्सवापासूनच्या. मोदकाची उकड त्यांच्या देखरेखीखाली व्हायची. म्हणाल्या, "गुरुजी, यंदा गणपती कुठं बसलाय?" त्यांना पत्ता ठाऊक नव्हता. समोरच्या फुलवाल्याने कानडीत विचारलं, तुमचा हार आता कुठून येतो? त्याच्या वडिलांपासून हार त्यांच्याकडचा होता. आणि आरास करणारी गल्लीतली पोरं, त्यातली निम्मी आपली नसलेली, ती आता दुसऱ्या मंडळाकडे आहेत. मला आमचा सायकल स्टँड आठवला.

मी कुणाला दोष द्यायला उभा नाही. कारण खरं होतं. छत खरंच गळत होतं. पहिल्या प्रश्नात आपण उत्तीर्ण आहोत. दुसऱ्यात काठावर. तिसऱ्यात मात्र नापास. दुरुस्ती कधी होणार, हे चार वर्षांत कुठल्याही इतिवृत्तात लिहिलेलं नाही. मी सभासद आहे, मीही विचारलं नाही. दुसऱ्यांदा तीच चूक.

म्हणून एक सूचना ठेवतो. वार्षिक सभेत छताचा विषय पहिला घ्या. वर्गणीतला एक हिस्सा त्यासाठी बाजूला काढा आणि तारीख लिहा. सभेला त्या आजींना, त्या गल्लीतल्या लोकांना बोलवा. आणि दुरुस्तीनंतरही सगळंच तिकडे न्यायला हवं असं नाही. स्थापना आणि विसर्जन जुन्या मंडपातून करू, नाटक-गाणी-व्याख्यानं या कार्यालयात करू. डॅलससारखं, अर्धं-अर्धं. गल्लीतल्या सगळ्यांनी "आता नको, तिकडेच ठेवा" असं सांगितलं तर तेही मान्य करू. पण ते त्यांनी सांगितलेलं असू दे.

आपण सीमेवरची माणसं. आपल्याला न विचारता एकदा रेघ ओढली गेली, आणि आपण तिच्या दोन्ही बाजूंना माणसं जोडून राहिलो. तेव्हा न विचारता काही हलवलं की कसं वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निदान आपल्या अंगणात तरी आपण तसं करू नये.

त्या शिपायाने विचारलेला प्रश्न मी अजून बाळगून आहे. रेघांचं काय करू? तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे. रेघा दर वर्षी नव्याने ओढायच्या असतात. कुणीतरी दोरी धरायला हवी, एवढंच. सभेच्या दिवशी एक टोक धरायला मी येतो.

 गणपती बाप्पा मोरया!